जास्त पगार नेमका कशात? भाच्याला उत्तर द्यायचंय

कडकभाकरी

नमस्कार मंडळी. भाचा बारावी सायन्स पास झाला. पेढे घेऊन परवा बहिणीकडं सोलापुरात भवानी पेठेत गेलो होतो. दाजी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे लूम (यंत्रमाग) दुरुस्त करून चालता ठेवणारे, ३० वर्षं लूमवर काढलीत. पेढा तोंडात असतानाच भाच्यानं विचारलं, "मामा, कशात पैसा हाय तेवढं सांग. आवड मी नंतर लावून घेतो."

मी सरकारी बँकेत क्लार्क. मला काय सांगता येणार? "आवडीचं कर, पैसा मागून येतो" असं म्हणणार होतो, पण दाजींकडं बघून गिळलं. त्यांनी कुठं लूमची आवड म्हणून हे काम धरलं होतं!

तर माहिती अशी: बारावीला ६८ टक्के, पीसीएम, सीईटी बेताची. घरातून सगळं मिळून तीन-साडेतीन लाख उभे राहतील, त्यापुढं कर्ज. पोरगं कष्टाळू आहे, इंग्रजी वाचतंय पण बोलायला लाजतंय. जे स्वतः त्या क्षेत्रात आहेत त्यांनीच सांगा: शिरायला किती खर्च, किती वर्षं, आणि खात्यात खरंच किती पडतात. शेजाऱ्याच्या पोराचं पॅकेज सांगू नका, तसली पॅकेजं आमच्या गल्लीतच पन्नास आहेत.

पार्कचौपाटी

पहिला नंबर माझा. पार्क चौकात भेळेची गाडी लावा म्हणावं. आमच्या ओळखीच्या गाडीवाल्याचं जुळे सोलापुरात दुमजली घर आहे. 😀

हुतात्मापरत

@पार्कचौपाटी, तो नफा झाला बे, पगार नव्हे. पाऊस आला की गाडी बंद, अतिक्रमणवाले आले की गाडीच गायब.

मी आयटीवाला. हिंजवडीत नऊ वर्षं झाली, दर शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गावाकडं. पॅकेज हा शब्द निघालाच आहे तर आधी तेवढा सोलून ठेवतो. गेल्या वर्षी धाकट्या भावाला १२ लाखांची ऑफर आली. आईनं गल्लीभर सांगितलं, "महिना एक लाख!" मी कागद घेऊन बसलो.

१२ लाखांतले १ लाख २० हजार व्हेरिएबल. कंपनीची आणि तुमची कामगिरी बघून वर्षअखेरीला मिळतील, अर्धे मिळतील, नाहीतर नाहीत. बेसिक ४ लाख ८० हजार. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे ५७,६००, तोही पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटी सुमारे २३ हजार, ही साधारण पाच वर्षं टिकलात तरच हातात. विम्याचे १२ हजार. मग तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी ५७,६००. व्यवसाय कर वर्षाला २,५००. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही, एवढा एक दिलासा. सगळं वजा जाता महिन्याला खात्यात ७७ हजार. त्यातून पुण्याचं भाडं.

वाईट आहे का? अजिबात नाही. पण तो एक लाख नाही. आणि १२ लाख सुरुवातीला फार थोड्यांना मिळतात. मोठ्या सेवा कंपन्यांत फ्रेशरची सुरुवात मी लागलो तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास होती, आजही बहुतेकांची तिथंच घुटमळते. दहा वर्षांत वडापाव कुठून कुठं गेला ते बघा. खरी उडी तीन-चार वर्षांनी कंपनी बदलताना येते, आणि ती ज्याला काम येतं त्यालाच येते.

जुनीगिरण

वय ७१. एक आठवण सांगून गप्प बसतो.

१८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली, पुढं तिलाच जुनी गिरणी म्हणायला लागले. माझे आजोबा आणि वडील दोघं गिरणीत. "मुलगा गिरणीत पर्मनंट आहे" म्हटलं की मुलीचा बाप पुढचं विचारायचा नाही. मास्तरापेक्षा गिरणीवाल्याचा रुबाब जास्त, बोनसच्या दिवशी नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसायची. मग एकेक भोंगा बंद पडत गेला. वडील पन्नाशीत घरी बसले. पहाटेचा भोंगा थांबल्यावरही कित्येक वर्षं त्याच वेळेला त्यांना जाग यायची.

त्या काळात हा धागा कुणी काढला असता तर सगळ्यांनी एकमुखानं लिहिलं असतं, गिरणीत लाव. एवढंच.

लोकोलाइन

काका, जबरदस्त.

मी असिस्टंट लोको पायलट म्हणून लागलो, आता मालगाडी चालवतो. सोलापूर ते दौंड, सोलापूर ते वाडी. सातव्या वेतन आयोगाप्रमाणं सुरुवातीचं बेसिक १९,९०० आहे. तेवढा आकडा बघून पोरं नाक मुरडतात. पण त्यावर महागाई भत्ता, घरभाडं आणि आमचा खरा आधार म्हणजे किलोमीटर भत्ता. गाडी जेवढी पळेल तेवढा मिळतो. त्यामुळं त्याच बेसिकच्या ऑफिसातल्या माणसापेक्षा आमची स्लिप दर महिन्याला जाड. पुढं लोको पायलट झालात की बेसिक ३५,४०० च्या लेव्हलला. शिक्षणाचा खर्च म्हणाल तर दहावीनंतर आयटीआय, किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. नुसत्या बारावीवर अर्ज चालत नाही.

आता दुसरी बाजू. कॉल कधीही येतो. रात्री अडीचला लॉबीत सही करायची, पुढं आठ-नऊ तास सिग्नल सोडून नजर हलवायची नाही. गड्ड्याच्या यात्रेत गेल्या सहा वर्षांत मी एकदाच अक्षता सोहळ्याला होतो. पोरगी शाळेत "माझे बाबा" निबंधात लिहून आली की बाबा दिवसा झोपतात.

आणि सगळ्यात आधी डोळे तपासा. चष्मा असेल तर लोको पायलटची मेडिकल निघत नाही. लेसर करून चष्मा घालवला असेल तरी नाही. आमच्या क्लासमधली दोन पोरं लेखी पास होऊन मेडिकलला परत आली. सगळ्यात स्वस्त तपासणी सगळ्यात शेवटी केली त्यांनी.

कडकभाकरी

@लोकोलाइन, धन्यवाद, पण खेळ इथंच संपला. भाच्याला सातवीपासून चष्मा.

भूलभुलैया

मी भूलतज्ज्ञ. डॉक्टरकीचा पैसा सगळ्यांना दिसतो, त्याचं कॅलेंडर दिसत नाही. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, मग बंधपत्राची सेवा, नंतर पीजीच्या नीटची तयारी, मग एमडी तीन वर्षं. माझी पहिली धड कमाई मी ३१ वर्षांची असताना सुरू झाली. माझ्या वर्गातली बी.कॉम. झालेली मैत्रीण तोवर फ्लॅटचे हप्ते निम्मे फेडून बसली होती.

आता मात्र तक्रार नाही. सोलापुरात धाराशिव, कलबुर्गी, विजापूरकडचे पेशंट येतात, रुग्णालयं भरपूर. मी चार ठिकाणी जाते, केसप्रमाणं पैसे. रात्री एकला फोन येतो, "मॅडम, सीझर आहे," की दहा मिनिटांत गाडी काढायची. सर्जनचं नाव बोर्डावर असतं, माझं नसतं, पण मी पोचल्याशिवाय चाकू लागत नाही.

६८ टक्के, पीसीएम आणि साडेतीन लाख यात हे बसत नाही, म्हणून लांबण लावत नाही. कर्ज काढून खासगी कॉलेजात घालायचा विचार कुणी डोक्यात भरवला तर त्याला माझ्याकडं पाठवा.

रद्दपरीक्षा

एमपीएससी कुणी लिहिलं नाही अजून? आश्चर्य. उपजिल्हाधिकारी बेसिक ५६,१००. पीएसआय ३८,६००. अधिक भत्ते, अधिक लग्नाच्या बाजारातला भाव.

मी पुण्यात सदाशिव पेठेत सहा वर्षं काढली. दोनदा मुख्य, एकदा मुलाखत. आता गावी कोचिंगमध्ये इतिहास शिकवतो. निवड झाली तर सोनं, पण त्या सहा वर्षांचा पगार शून्य होता आणि मेसचं बिल बाप भरत होता. तोही खर्चात धरा.

बॅलन्सशीट

भाच्याला सीए चालेल का विचारा. सायन्सवाल्यालाही करता येतं.

माझी आई विड्या वळायची. सुपात पानं आणि तंबाखू घेऊन सकाळी बसली की हजार विड्या झाल्याशिवाय उठायची नाही. मी तिच्यासमोर बसून पाठांतर करायची, ती दोऱ्याचा फास मारता मारता "पुन्हा म्हण" म्हणायची. तिला एक शब्द कळत नव्हता, पण मी अडखळले की तिला बरोबर कळायचं.

सीएला कॉलेजची फी नाही, डोनेशन नाही. नोंदणी, परीक्षा आणि पुस्तकं धरून माझं सगळं मिळून एका सेकंडहँड दुचाकीच्या किमतीत झालं. क्लास लावले तर वाढतं. फाउंडेशन, इंटरमिजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, फायनल. प्रत्येक पेपरला ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. ऐकायला सोपं वाटतं ना? मी इंटर तिसऱ्या प्रयत्नात, फायनल चौथ्या प्रयत्नात. सगळ्या विषयांत पास असून एकूण बेरजेत चार मार्क कमी पडले तेव्हा तीन दिवस जेवले नव्हते. आईनं चौथ्या दिवशी सूप पुढं सरकवलं आणि म्हणाली, "मग बस माझ्याबरोबर." दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं.

पुण्यात नोकरी केली, मग परत आले. आता टॉवेल निर्यातवाल्यांचे जीएसटी परतावे आणि ऑडिट बघते. हुतात्मापरत यांच्या भावाच्या आकड्यापेक्षा बऱ्यापैकी वर आहे आणि भाडं द्यावं लागत नाही. पण मार्च ते सप्टेंबर मला फोन करू नका.

दर्यानको

मर्चंट नेव्हीचं कुणी सुचवण्याआधीच लिहितो. पगार खरा आहे. अधिकारी म्हणून परदेशी जहाजावर गेलात आणि वर्षात पुरेसे दिवस भारताबाहेर राहिलात तर त्या पगारावर इथला करही लागत नाही. पण एका एजंटनं माझ्या बापाकडून साडेचार लाख घेतले, "महिन्याभरात जहाज" म्हणाला. आठ महिने मुंबईत एका खोलीत अकरा पोरं झोपत होतो. जहाज काही आलं नाही, एजंटचा फोन बंद झाला. नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी उघड असते, ती आधी बघायची असते हे मला नंतर कळलं. आज माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, बरं चाललंय. समुद्र अजून पाहिलेला नाही.

सोन्यापाटील

पायलट?

हुतात्मापरत

@सोन्यापाटील, २०० तास उड्डाण, पन्नास लाखांच्या पुढं खर्च, वर त्या-त्या विमानाचं टाइप रेटिंग वेगळं. मूळ पोस्ट वाच की जरा.

पॅनवरचा

सगळे पुण्या-मुंबईकडं तोंड करून बसलेत. अहो, राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात बसून तुम्ही नोकऱ्या शोधताय, आणि साखरेचं नाव कुणी काढलं नाही.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री केलं, मग पुण्याजवळ मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून साखर तंत्रज्ञान. २०११ ला बारा हजारावर लागलो. काम काय, तर पॅन बघायचा. पॅन म्हणजे दुमजली घराएवढं भांडं. आत हवा काढून घेतलेली असते, त्यामुळं घट्ट रस साठ-पासष्ट अंशालाच उकळतो, जळत नाही. त्यात बी सोडायचं आणि दाणा वाढवत न्यायचा. प्रूफ स्टिक आत घालून थेंबभर माल काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरून बघायचं. दाणे एकसारखे चमकले पाहिजेत. मध्ये पिठासारखी बारीक धूळ दिसली की समजायचं, नको तो दाणा उठला. मग पाणी मारून तो विरघळवायचा, म्हणजे वाफ गेली, वेळ गेला आणि शिफ्ट इंजिनिअरच्या शिव्या वेगळ्या. आता स्वयंचलित पॅन आलेत, पडद्यावर सगळे आकडे दिसतात. तरी माझा जुना पॅनमन चिमटीत माल चोळून सांगायचा, "अजून वीस मिनटं." वीसच लागायची.

ते शिकायला मला चार सीझन लागले. पाचव्या सीझनला युगांडातल्या कारखान्याचं बोलावणं आलं. भारतातले साखरेतले लोक युगांडा, केनिया, टांझानिया, इथिओपियात पिढ्यानपिढ्या जातायत. राहणं-खाणं कारखान्याचं, पगार डॉलरमध्ये. इथं वर्षात शिल्लक पडायचं तेवढं तिथं दोन महिन्यांत पडलं. पाच वर्षांत विजापूर रोडला घर बांधलं आणि परत आलो. आता इथंच चीफ केमिस्ट आहे. इथेनॉल आल्यापासून डिस्टिलरीच्या माणसांना मागणी आणखी वाढलीय.

वाईट बाजू पण लिहितो, नाहीतर कोणीतरी म्हणेल जाहिरात करालाय. गाळप चार-पाच महिन्यांचं, नंतर हंगामी माणसाला रिटेन्शनवर, म्हणजे पगाराच्या काही भागावर घरी बसावं लागतं. एका कारखान्यानं माझा सात महिन्यांचा पगार थकवला, नाव लिहीत नाही, निम्मा अजून यायचाय. मुकादमापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना राजकारण असतं.

आणि कारखान्यात चांगला पगार कुणाला, ते पण बघा. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरला. त्याला सरकारी परीक्षा देऊन सर्टिफिकेट काढावं लागतं. डिप्लोमा, ठरलेला अनुभव, मग लेखी आणि तोंडी. तो माणूस सुट्टीवर गेला की जनरल मॅनेजर स्वतः त्याच्या घरी चहाला जातो. भूलभुलैया मॅडम म्हणाल्या ना, मी पोचल्याशिवाय चाकू लागत नाही, तसंच हे. ज्याच्या सहीवाचून काम अडतं, त्याला पैसे द्यावेच लागतात.

आणि ते सर्टिफिकेट फक्त साखरेत चालतं असं नाही. फताटेवाडीचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प बघा, औषधांचे कारखाने बघा, सूत रंगवणारे बघा. जिथं मोठी वाफ, तिथं हा माणूस.

बॅलन्सशीट

सहीचं पटलं. पण सहीबरोबर मानही अडकते हेही लिहा. ऑडिटवर सही केलेल्या प्रत्येक कागदाचं पुढं कोण काय विचारेल याची धाकधूक मी रोज घेऊन झोपते. पगाराचा थोडा भाग त्या झोपेचा आहे.

भूलभुलैया

+१

चष्मेवाला६८

मी तो भाचा. मामानं न विचारता धागा टाकला आणि माझे टक्के पण टाकले. आता सगळ्यांनी सल्ला दिलाच आहे तर एक सांगतो, ते मामाला पण माहीत नाही.

पप्पांना कमी ऐकू यायला लागलंय. घरात टीव्हीचा आवाज वाढवतात, आम्हाला वाटायचं सवय. मागच्या महिन्यात मी मागून तीन हाका मारल्या, वळलेच नाहीत. कारखान्यात सगळेच खुणेनं बोलतात, त्यामुळं तिथं कुणाला कळत पण नाही. कापसाचा बोळा घालतात कानात, तेवढंच. मालकाला सांगू नको म्हणाले. जॉबरला लूमच्या आवाजावरून बिघाड कळतो, ऐकू येत नाही कळलं तर काढतील.

म्हणून मला दहा वर्षांनी किती मिळतील ते नकोय. चार वर्षांच्या आत एवढे पाहिजेत की पप्पा लूमवर गेले नाहीत तरी घर चालेल. आता सांगा.

लोकोलाइन

…

हे आधी लिहायचं होतंस बाळा.

पॅनवरचा

चार वर्षं धरली तर असं बघ. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा. शासकीय तंत्रनिकेतन मिळालं तर फी खासगीच्या मानानं किरकोळ. मेकॅनिकल घे. तिसऱ्या वर्षी कुठल्याही कारखान्यात बॉयलर हाऊसला लाग, पहिला पगार कमीच येईल, पण अनुभवाचं पत्र तारखेनिशी घेत जा. नंतर परीक्षेला तेच पाहिजे असतं. चौथ्या वर्षी पप्पांना पूर्ण सोडवता येईलच असं मी म्हणणार नाही. रात्रपाळी तरी सोडवशील.

लोकोलाइन

आणि त्याच डिप्लोमावर रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअरचा अर्ज भर. बेसिक ३५,४००. त्यातली बरीच पदं अशी आहेत की जिथं चष्मा चालतो. जाहिरात आली की मेडिकलचा रकाना आधी वाच.

बॅलन्सशीट

सीए चार वर्षांत होईल असं वचन मी देणार नाही. माझं त्यापेक्षा जास्त लागलं. तुझ्या गणितात डिप्लोमा बसतो.

भूलभुलैया

@चष्मेवाला६८, पप्पांची कानाची तपासणी करून घे, ऑडिओमेट्री म्हणतात. सिव्हिलमध्ये होते. कापसानं काही अडत नाही. फोमचे इअरप्लग थोड्या पैशांत मिळतात, त्यांना बरे वाटले तर कानावर बसणारे मफ घे. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, पण उरलेलं राखता येतं. मालकाला कळायची गरज नाही.

हुतात्मापरत

आणि डिप्लोमा करताना इंग्रजी बोलायची लाज सोड. माझ्याशी शनिवारी बोलत जा, मी घरीच असतो. चुकलास तर हसणार नाही. थोडं हसेन.

कडकभाकरी

मंडळी, काल दाजींना कानाच्या तपासणीला नेलं. "सर्दीनं बसलेत कान" असं सांगून नेलं, त्यांना ते खरं वाटलं की त्यांनी वाटून घेतलं, माहीत नाही. रिपोर्ट सोमवारी.

भाचा थेट दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरतोय. पहिली पसंती शासकीय तंत्रनिकेतन, मेकॅनिकल. मार्कलिस्ट, दाखला, डोमिसाईल आहे. नॉन-क्रीमीलेयर जुनं निघालं, मुदत संपलेली. सेतूमध्ये कुणाची ओळख आहे का?

पार्कचौपाटी

ओळख नको, टोकन पाहिजे. सकाळी नवाला जा, साडेनवाला संपतात. दाजींच्या उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा, त्यासाठी परत पाठवतात. आणि येताना पार्क चौकात या, भेळ माझ्याकडून.